चौसष्टची गॅरंटी

चूक बाईंची होती आणि ओरडलो मी, इथपर्यंत सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. मी तापट आहे हे आमच्या खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे जाणतात, आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार म्हणून सोसून घेतात. या बाई करखात्यातून बदलून आलेल्या, पन्नाशीच्या, कामाला चोख, पण पेन्शनच्या हिशेबात नवख्या. अहवालात एक चौकट टाकायची होती : अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कामगारानं दरमहा पेन्शन घ्यावी की सगळी रक्कम एकदम उचलावी? बाईंनी लिहिलं होतं, सरासरी आयुर्मान एकोणसत्तर, त्यातून गेले अठ्ठावन्न, राहिली अकरा वर्षं, सबब एकदम उचलावी. मी कागद टेबलावर आपटला. म्हटलं, "बाई, हे एकोणसत्तर कुठून आणलंत? जगाच्या तक्त्यातून? अहो, ते जन्मापासूनचं आयुर्मान आहे. आज जन्मलेलं पोर सरासरी किती जगेल, त्याचा आकडा. त्यात सहा महिन्यांत गेलेली पोरं धरलेली असतात, विशीत गाडीखाली सापडलेले धरलेले असतात. तुमचा हा माणूस त्या सगळ्यांतून पार पडून अठ्ठावन्नला पोचलाय. त्याचं पुढचं आयुष्य वेगळ्या कोष्टकात बघायचं, तिथं वीस वर्षं निघतील. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे!" बाई रागावल्या नाहीत. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "म्हणजे सर, तान्ही गेलेली पोरं मी या बाप्याच्या वयातून वजा केली." म्हटलं, हो. "अरेरे," त्या म्हणाल्या आणि खोडरबर शोधायला लागल्या. "करखात्यात बरं होतं, तिथं मेलेला माणूस दुसऱ्या कुणाचं वय खात नव्हता." शेजारचा कारकून हसला, मीही हसलो. आणि हसता हसताच थांबलो. कारण सतरा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, एका कागदावर लिहिलं होतं : चौसष्ट वजा अठ्ठावन्न, बाकी सहा. तो कागद मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या हातात दिला होता.

बाई खोडत होत्या, रबराचा चुरा टेबलावर पडत होता आणि मी त्या चुऱ्याकडे बघत होतो. सतरा वर्षांत मला हे कळलं नव्हतं, यावर आता कोण विश्वास ठेवणार? दादा चौसष्टच्या पुढे गेला तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, सरासरी म्हणजे सरासरी, कुणी अलीकडे राहतो, कुणी पलीकडे जातो. सत्तरीला पोचला तेव्हाही तेच म्हटलं. या वाक्याच्या आड मी इतका आरामात बसलो होतो की त्याच्या मागे डोकावून बघायचं कधी सुचलंच नाही. हुशार माणसाची चूक ही अशी असते, ती तपासायला दुसरं कुणी येत नाही आणि तो स्वतः जात नाही.

माझं काम काय, तर जगभरच्या सरकारी पेन्शन निधींची तुलना. दर वर्षी एक मोठा तक्ता निघतो. कोणत्या देशानं म्हाताऱ्यांसाठी किती पैसा साठवलाय, आधी एकूण, मग दरडोई, मग देशाच्या उत्पन्नाशी त्याचं प्रमाण. कुणाचं वर्ष डिसेंबरात संपतं, कुणाचं मार्चमध्ये, कुणाचा आकडा जुन्या दरानं, कुणाचा नव्या. सगळे एका चलनात आणायचे, एका तारखेवर आणायचे, आणि मगच शेजारी शेजारी उभे करायचे. "आंबे आंब्यांशी मोजा, फणसाशी नाही," हे मी अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत आलोय. आमच्या खोलीत देशांना नावं नाहीत, टोपणनावं आहेत. एक आजोबा, म्हातारे फार आणि तिजोरीही फार, वर्षानुवर्षं वरच्या ओळींत. एक तेलवाला, थंड, चिमुकला, वस्ती एखाद्या शहराएवढी आणि निधी डोंगराएवढा. काही पहिलवान, म्हणजे देशही आडदांड आणि निधीही आडदांड. आणि काही रिकाम्या तिजोऱ्या, म्हणजे असे देश जे साठवत काहीच नाहीत, आजच्या कमावत्यांकडून घेतात आणि आजच्याच म्हाताऱ्यांना देतात. तक्त्यात ते तळाला पडतात, पण त्यांचे म्हातारे बाकावर ऊन खात बसलेले असतात. निधी मोठा म्हणजे म्हातारे सुखी, असं काही नसतं. कधी कधी निधी मोठा असतो तो घेणाऱ्यांना द्यायची वेळ अजून आलेली नसते म्हणून, आणि कधी ज्यांना द्यायचं ते मोजणीतच नसतात म्हणून. आम्ही एकूण रकमेत अकरावे आणि दरडोईत त्रेचाळिसावे. साहेब म्हणतात, एकूण रक्कम पहिल्या पानावर घ्या, दरडोई मागे कुठं तरी बसवा. मी बसवतो. तक्त्याच्या अगदी शेवटच्या रकान्यात, कुणी वाचत नाही अशा जागी, प्रत्येक देशाचं सरासरी आयुर्मान असतं. जन्मापासूनचं.

सतरा वर्षांपूर्वी दादा याच खोलीत आला होता. तक्ता छापायला जायचा दिवस होता, टेबलावर कागदांचा खच, फोन वाजतोय, मी उभ्या उभ्या पाणी पितोय. दादा दारात. पायात कामावरचे जड बूट, डांबरानं कडा काळ्या झालेले, म्हणून आत पाऊल टाकेना. रस्त्याच्या खात्यात तो रोलर चालवायचा. छत्तीस वर्षं त्यानं गरम डांबरावरून ते धूड पुढे नेलं आणि मागे आणलं, पुढे नेलं आणि मागे आणलं. "धाकट्या," तो म्हणाला, "त्यांनी फॉर्म दिलाय. महिन्याला घेऊ की एकदम घेऊ? उद्यापर्यंत द्यायचाय. तू सांगशील तिथं सही करतो." मी म्हटलं, "दादा, आजच यायचं होतं का रे?" हे वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं. मग समोरच पडलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं, आमच्या देशाच्या ओळीवरून शेवटच्या रकान्यापर्यंत नेलं, चौसष्ट. पाठकोरा कागद ओढला आणि हिशेब केला. सहा वर्षं महिन्याला घेतलं तर इतके, एकदम घेतलं तर इतके, एकदम घेतलेले जास्त. दोन रेघा मारल्या. "एकदम घे," म्हटलं. सगळं मिळून चार मिनिटं. त्याच दिवशी मी आजोबांच्या निधीतला फरक दशांश चिन्हाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तपासण्यात अख्खी दुपार घालवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा वळसा तर जगाला होता.

दादानं कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. त्यानं मला कधी उलट विचारलेलं नाही, कारण शिकलेला मी. आणि मला शिकवलेलं त्यानं. वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा, तो विसाचा. माझ्या शाळेच्या फीची पावती त्याच्या हातची, माझा पहिला कोट त्याच्या ओव्हरटाइमचा. आमच्या दोघांच्या मध्ये एक बहीणही झाली होती, आठ महिन्यांची होऊन गेली. मी तिला पाहिलेलंच नाही. दादा दहा-अकरा वर्षांचा होता, आई कामावर जायची आणि ही त्याच्या कडेवर. आईनं पुढे कधी तिचा विषय काढला नाही, म्हणून आम्हीही काढला नाही. आत्ता रबराचा चुरा बघताना ती मला एकदम आठवली, म्हणजे न पाहिलेलं माणूस जेवढं आठवतं तेवढी. त्या चौसष्टमध्ये ती होती. तिच्यासारखी सगळी होती. मी तिचं न जगलेलं आयुष्य दादाच्या वयातून वजा केलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

साहेबांना म्हटलं, बरं वाटत नाही, अर्धा दिवस जातो. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "तक्ता?" मी म्हटलं, "बाई बघतील. त्यांना आता येतंय."

चालतच निघालो. ऊन टळटळीत, रस्त्यात एका ठिकाणी नवं डांबर टाकलेलं, त्याचा वास नाकात बसला. हा वास म्हणजे माझं लहानपण. संध्याकाळी दार उघडायच्या आधी हा वास आत यायचा आणि आई म्हणायची, आला बघ. चालता चालता हिशेब सुरू झाला, थांबवता येईना. महिन्याला घेतली असती तर आजवर सतरा वर्षं मिळाली असती, एकदम उचललेल्याच्या दुपटीच्या वर, आणि अजून चालू असती. उचललेले गेले वहिनीच्या आजारपणात. वहिनी चार वर्षांत गेली, पैसे तिच्या आधी सहा महिने. पुढे दादा एका गॅरेजात नटबोल्ट निवडायला बसायला लागला. मी दर महिन्याला पैशांचं पाकीट नेतो. तो ते हातात घेत नाही, म्हणतो, ठेव तिथं. आणि दर वेळी तेच एक वाक्य म्हणतो, "जरा जास्तच झालं रे माझं." मी म्हणायचो, गप बस, काहीतरीच. मला वाटायचं, पैशांबद्दल बोलतोय. त्याचा चिक्कूपणा तर आमच्या घरात चेष्टेचा विषय. तेलाची बाटली सगळ्यांत लहान, साबणाची अर्धी वडी, काड्यापेटी एकच. माझी बायको म्हणायची, "भावोजी, मोठी बाटली स्वस्त पडते." तो म्हणायचा, "मोठी संपायला नको का?" आम्ही हसायचो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी चार वेळा मागे लागलो. "कशाला थोडक्यासाठी?" म्हणाला. मागच्या वर्षी जबरदस्तीनं नेला, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, डावा आता काही कामाचा नाही, पाच वर्षांपूर्वी आणला असता तर वाचला असता. उजवा अजून होण्यासारखा आहे, लवकर करा. दादानं तेही टाळलं. मी रागावून दोन महिने पाकीट बायकोबरोबर पाठवलं, स्वतः गेलो नाही. आता भर उन्हात फुटपाथवर मी उभाच राहिलो. थोडक्यासाठी. संपायला नको का. मागून येणारा एक माणूस माझ्यावर आदळला आणि म्हणाला, "अहो काका, चालायचं तरी नाहीतर बाजूला तरी व्हायचं."

दादाची खोली टायर दुरुस्तीच्या दुकानामागे, तळमजल्याला. दार उघडंच होतं. खिडकीच्या उजेडात बसून तो एका ताटलीत स्क्रू निवडत होता, बोटांनीच, बघायचा प्रश्न नव्हता. माझ्या पावलांचा आवाज त्यानं ओळखला.

"या वेळी? नोकरी गेली का?"

"नाही रे. सहज."

"सहज कुणी भर दुपारी येत नाही. बस. पाणी माठातलं घे, मला उठवू नकोस, ताटली सांडेल."

पाणी प्यालो. पेला जागेवर ठेवला. कसं सुरू करायचं ते चालत येताना वीस वेळा घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य जवळ राहिलं नाही. शेवटी म्हटलं, "दादा, तू निवृत्त झालास तेव्हा मी तुला एक कागद दिला होता."

"चौसष्टचा ना?"

म्हटलं, "तू वाचला होतास?"

"म्हणजे? माझाच कागद, मी नको वाचू? मला काय अक्षरं येत नाहीत होय?" तो स्क्रू निवडतच होता. "तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, खरं सांगतो. आपल्या घरात साठ कुणी बघितली होती? वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. मी म्हटलं, चला, धाकट्यानं चौसष्टपर्यंतची गॅरंटी दिली. आमच्या रस्त्यांना असायची बघ, कंत्राटदाराची गॅरंटी पाच वर्षांची. तेवढ्यात खड्डा पडला तर तो भरून देणार. पाच वर्षं झाली की रस्ता आपला आपल्या नशिबावर."

"दादा, ती गॅरंटी नव्हती रे."

"मला काय माहीत? मोठ्या हापिसातला कागद, खाली दोन रेघा." तो जरा हसला. "चौसष्ट पुरी झाली ना, त्या दिवशी मी सकाळी लवकर अंघोळ केली. धुतलेले कपडे घातले. खोली झाडली, म्हटलं लोक येतील, केर दिसायला नको. किल्ली बाहेर दिसेल अशी ठेवली. आणि बसलो. तुझी वहिनी नव्हतीच, कुणाला सांगायचं नव्हतं. अकरा वाजले, बारा वाजले. दोन वाजता सपाटून भूक लागली. मग काय, उठलो, भाताचं भांडं चढवलं. मरायला बसलेल्या माणसाला एवढी भूक लागते, लाज वाटली मला." मला हसू आलं आणि त्याच्यामागून जे आलं ते थांबेना. मी रडतोय हे त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत असावं. त्यानं ताटली बाजूला सरकवली. "नंतर मग रोजचंच झालं. सकाळी जाग आली की म्हणायचं, आजचा दिवस फुकटचा. फुकटच्या दिवसात काय नवं आणायचं? अकरा वर्षं झाली बघ. फुकटचे दिवस फार लांबले."

तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं, सोप्या शब्दांत, दोनदा. तो आकडा त्याचा नव्हताच. तो आकडा नुकत्याच जन्मलेल्या पोराचा होता. अठ्ठावन्नच्या माणसाला त्या दिवशी आणखी एकोणीस वर्षं दिसत होती, दुसऱ्या कोष्टकात, माझ्या मागच्या कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात. मी उठून दोन पावलं गेलो असतो तर पुरे होतं. मी उठलो नाही. आणि चौसष्टला पोचलेल्यालाही पुढची वर्षं असतात, सत्तरला पोचलेल्यालाही असतात, त्या कोष्टकात कुठल्याच वयासमोर शून्य लिहिलेलं नसतं. "एकही दिवस फुकटचा नव्हता, दादा. सगळे तुझेच होते. मी चुकलो. तुझी पेन्शन घालवली, तुझा डोळा घालवला, माझ्यामुळे तू..."

दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं, बंद झालं. मग तो म्हणाला, "म्हणजे त्या चौसष्टमध्ये लहान वयात गेलेली पोरं धरली होतीस."

"हो."

"आपली छोटी पण?"

"तीसुद्धा."

"हं." त्यानं मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. "रांगायला लागली होती. माझ्या पाठीमागे यायची, मी दाराआड लपलो की रडायची. तिला कुणी कधी कशात धरलं नाही बघ. आईनंसुद्धा नाही. कुणी विचारलं, मुलं किती, तर दोनच सांगायची. मला तेव्हा राग यायचा." त्यानं अंगठ्यानं उजव्या डोळ्याचा कोपरा पुसला. "तू धरलीस. चुकून का होईना."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभं राहून ऐकल्या असत्या, मला त्या हव्या होत्या. तो शिव्याही देईना. माझ्याकडे तोंड करून नुसता बसला, नेमका माझ्याकडे नाही, जरासा डावीकडे, जिथं मी असेन असं त्याला वाटत होतं तिथं. मी सरकून तिथं जाऊन बसलो.

"मग आता काढ," तो म्हणाला.

"काय?"

"आकडा. मी पंच्याहत्तरचा. ते दुसरं कोष्टक तुला पाठ असेल. बघू, आता किती निघतात."

पाठ होतं. नऊ वर्षं चार महिने. तरी मनात पुन्हा पडताळून पाहिलं, वय, कोष्टक, ओळ, सगळं, आयुष्यात कुठला आकडा एवढा तपासला नसेल. "नऊ," म्हटलं. "नऊच्या थोडे वर."

"नऊ!" तो चकित झाला. लहान मुलासारखा बोटं मोजायला लागला, एका हातावर पाच, दुसऱ्यावर चार. मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "मग एक डोळा करून घ्यायला पाहिजे रे. नऊ वर्षं काही थोडी नाहीत." आणि जरा थांबून, "आधीची अकराही थोडी नव्हती म्हणा." हे तो मला लागावं म्हणून बोलला नाही, मला माहीत आहे. म्हणूनच ते लागलं.

"लिहून दे," तो म्हणाला. "मागच्या वेळी लिहून दिलं होतंस."

खिशात पेन होतं, कागद नव्हता. पाकीट होतं, या महिन्याचं, ते काढलं आणि त्याच्या पाठीवर ९ लिहिला. त्यानं पाकीट घेतलं, उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवलं, खिडकीकडे वळला, तिरपं केलं, सरळ केलं. "दिसत नाही. मोठा काढ." मी अख्ख्या पाकिटावर काढला, पेन दाबून, तीन-चार वेळा गिरवून. त्यानं पुन्हा डोळ्याशी नेलं.

"हा एक आहे की नऊ?"

"नऊ, दादा."

"नक्की? बघ हं, आता मी डोळा करणार, मोठी बाटली आणणार."

"नऊच आहेत."

त्यानं पाकिटाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला. मग विचारलं, "आणि गॅरंटी?"

"नाही दादा. गॅरंटी नसते. कमी निघतील, जास्तही निघतील. कुणालाच नसते."

"बरं," तो म्हणाला आणि चाचपडत ताटली जवळ ओढली. "एवढंच तेव्हा सांगायचं होतंस रे."